धूळपाटीवरचा ज्ञानकोश

काही वर्षांपूर्वी नववीतील एका मुलाची प्रकल्पवही माझ्यासमोर तपासायला आली होती. विषय होता महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे. अक्षर मोत्यासारखे, समासाची रेघ लाल शाईची आणि मजकूर, अर्थातच, विकिपीडियावरून उतरवलेला. मजकूर उतरवलेला होता याचे मला काही वाटले नाही. प्रकल्प म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणलेले चार छापील कागद आणि ते पाहून रात्री उतरवलेली आठ पाने, हे आम्हा बडोद्यातील शिक्षकांनी केव्हाच गृहीत धरलेले आहे. मी थांबलो तो एका वाक्याच्या शेवटी. तिथे त्या मुलाने चौकोनी कंसात, तितक्याच सुबकपणे, ४ हा आकडा काढला होता. दोन ओळींनंतर ५, पुढच्या पानावर ६. विकिपीडियाच्या पानावर हे आकडे संदर्भांचे असतात. त्यावर बोट ठेवले की ते विधान कोणत्या पुस्तकातून अथवा वृत्तपत्रातून घेतले आहे ते उघडते. त्या सबंध पानावर मुलाने उघडून पाहायलाच हवी अशी हीच गोष्ट होती, आणि ती त्याने नक्षीसारखी वहीत काढून ठेवली होती. दोष त्याचा नव्हता. हा आकडा कशाचा, असे त्याला तोवर कोणी विचारले नव्हते. मीही विचारले नव्हते.

विकिपीडियाविषयी शिक्षकवर्गात दोन भूमिका आढळतात. तिथे कोणीही काहीही लिहितो, तेव्हा तो पाहू नका, असे वर्गात बजावणारी एक. आणि तोच मजकूर वहीत आला की मुकाट्याने बरोबरची खूण करणारी दुसरी. पुष्कळदा या दोन्ही भूमिका एकाच शिक्षकाच्या ठायी सुखाने नांदतात, कारण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे: विकिपीडिया हा तयार ग्रंथ आहे, आणि त्यावर विश्वास ठेवायचा की नाही एवढेच काय ते ठरवायचे आहे. हा विश्वासाचा वाद आता बराच जुना झाला. २००५ साली ‘नेचर’ या नियतकालिकाने विज्ञानविषयक ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या, तेव्हा विकिपीडियात नोंदीमागे सरासरी सुमारे चार आणि ब्रिटानिकात सुमारे तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने त्या तपासणीच्या पद्धतीवरच हरकत घेतली. त्याच वर्षी जॉन सीगेंथेलर या अमेरिकन पत्रकारावरील नोंदीत कोणीतरी घातलेला धादांत खोटा मजकूर चार महिने तसाच राहिल्याचे उघड झाले. ज्याला जी बाजू घ्यायची तिचा पुरावा त्या एका वर्षातच मिळतो, आणि वर्गाचे काम त्याने तसूभरही पुढे सरकत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. वाचनाचे साधन म्हणून विकिपीडिया मध्यम प्रतीचा आहे. चांगले पाठ्यपुस्तक अनेकदा त्याहून सरस असते. मुलांना जबाबदारीने एक विधान लिहायला शिकवण्याचे साधन म्हणून मात्र त्याच्या तोडीचे दुसरे काही सामान्य शाळेच्या हाती नाही, आणि बडोद्यासारख्या गावातील मराठी मुलांना तर त्याचा उपयोग पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षाही अधिक आहे.

विधान जबाबदारीने लिहिणे म्हणजे काय, हे उपदेशाने कळत नाही. त्यासाठी दोन स्रोत एकमेकांवर आदळावे लागतात. आमच्या शहरापुरते एक उदाहरण नेहमी हाताशी असते. सयाजीरावांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण केव्हा सुरू केले, हे शोधायला मुलांना सांगितले की निम्मी मुले १८९३ आणतात, निम्मी १९०६. मग वर्गात जे घडते ते पाहण्यासारखे असते. आधी प्रत्येक गट दुसऱ्याचे पुस्तक चूक ठरवतो. नंतर कोणीतरी हात वर करून मते मोजू या म्हणतो. शेवटी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाक्ये पूर्ण वाचली जातात आणि लक्षात येते की १८९३ साली हा प्रयोग अमरेली भागापुरता झाला व १९०६ साली सक्ती सबंध राज्याला लागू झाली. दोन्ही वर्षे खरी असतात. कच्ची असतात ती ‘कुठे’ हा शब्द गाळून लिहिलेली वाक्ये. ज्या मुलाने हे एकदा स्वतः अनुभवले, त्याला सनावळ्यांचा कंटाळा येत नाही, कारण सन ही पाठ करायची वस्तू नसून एखाद्या घटनेला बांधलेली खूण आहे, हे त्याला उमगलेले असते.

हे काम फळ्यावरही करता येईल, त्याला विकिपीडिया कशाला, असे कोणी म्हणेल. फळ्यावर शेवटचा शब्द शिक्षकाचा असतो, हे त्याचे उत्तर. ज्ञानकोशात तेच वाक्य घालायला गेले की नियम आडवे येतात, आणि ते शिक्षकालाही आडवे येतात. ‘भारतात सर्वप्रथम’ असे लिहायचे असेल, तर तसे म्हणणारा विश्वासार्ह ग्रंथ दाखवावा लागतो. ‘द्रष्टे’, ‘थोर’, ‘प्रजाहितदक्ष’ ही विशेषणे काढून टाकावी लागतात, कारण नोंदीचा सूर तटस्थ असावा लागतो. ज्या गावात सयाजीरावांचे चित्र देवघराशेजारी असलेली घरे मी पाहिली आहेत, त्या गावात त्यांच्याविषयी एकही विशेषण न वापरता सलग पाच वाक्ये लिहिणे किती अवघड असते, ते मला प्रथम स्वतः लिहितानाच कळले. मुलांनी माझ्या मसुद्यातील तीन विशेषणे खोडली. त्यांतील एकही मला परत घालता आले नाही.

विकिपीडियाच्या प्रत्येक लेखाच्या माथ्यावर ‘चर्चा’ आणि ‘इतिहास’ असे दोन दुवे असतात, आणि शिक्षणाच्या दृष्टीने खुद्द लेखापेक्षा मी त्यांना मोलाचे मानतो. इतिहासाच्या पानावर त्या लेखातील प्रत्येक बदल, स्वल्पविरामाचासुद्धा, दिनांक आणि वेळेसह नोंदलेला असतो. कोणी काय घातले, कोणी काय काढले आणि काढताना कोणते कारण दिले, हे वाचता येते. पाठ्यपुस्तक आपली खाडाखोड झाकून मुलांसमोर येते. इथे खाडाखोडच उघड्यावर असते. मतभेद झाला तर चर्चेच्या पानावर तो मांडावा लागतो आणि तिथे ‘मला वाटते’ यापेक्षा ‘अमुक ग्रंथात असे आहे’ याला वजन असते. मराठी विकिपीडियाने यातील बऱ्याच गोष्टींना फार सुंदर नावे दिली आहेत. सामाईक चर्चेच्या जागेला तिथे ‘चावडी’ म्हणतात, आणि लेखाला हात लावण्यापूर्वी सराव करण्याच्या कोऱ्या पानाला ‘धूळपाटी’. पूर्वी पाटीवर धूळ पसरून मुलांना तीत बोटाने अक्षरे गिरवायला लावत; चुकले की हाताने सपाट करून पुन्हा गिरवायचे. धुळाक्षरे हा शब्द त्यातूनच आला. चूक पुसली जाईल याची खात्री असलेल्या जागी मूल धीटपणे लिहिते, हे ज्यांना कळले होते त्यांची ती सोय होती. हा शब्द संगणकाच्या पडद्यावर ज्याने आणला, त्याला शिक्षणाची जाण असली पाहिजे.

बडोद्याच्या मराठी समाजाला कोश नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश पुण्याचा. पण त्यानंतर लवकरच, १९३६ पासून, दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ निघाला तो बडोद्यात. राज्यकारभाराची भाषा गुजराती ठेवणाऱ्या मराठी राजाने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढवला, त्यात इंग्रजी प्रशासकीय शब्दांना मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली आणि संस्कृत प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले. हे ग्रंथ आमच्या जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत आहेत. मुलांना त्यांची नावे ठाऊक नाहीत, आणि त्यांच्या शिक्षकांपैकी कितींना ठाऊक आहेत हे विचारण्याचे धाडस मी करत नाही.

इथेच बडोद्याच्या मुलांची विशेष सोय येते. या शहराचा इतिहास एका भाषेत लिहिलेला नाही. राज्याच्या ‘आज्ञापत्रिका’ या सरकारी राजपत्राचे अंक, गुजराती वृत्तपत्रे, अहमदाबादहून धीरुभाई ठाकर यांच्या संपादनाखाली निघालेला २५ खंडांचा गुजराती विश्वकोश, मराठी चरित्रे, इंग्रजी अहवाल असा तो विखुरलेला आहे. रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात वाढलेले मराठी मूल गुजराती सहज वाचते, घरी मराठी बोलते आणि शाळेत बहुधा इंग्रजी लिहिते. आम्ही आजवर या तिढ्याकडे केवळ रडगाणे म्हणून पाहिले: मराठी शाळा ओस पडल्या, मुलांच्या मराठीत गुजराती शब्द घुसले, ‘मी तिकडे जाऊन आव्यो’ अशी मिश्र वाक्ये ऐकू येऊ लागली. पण गुजराती आधार वाचून त्यावरून मराठी नोंद लिहिणे हे काम साताऱ्याच्या किंवा नागपूरच्या मुलाला सहसा जमणार नाही. इथल्या मुलाला ते जन्मजात जमते. सूरसागर तलाव, कलाभवन, मांडवी, खंडेराव मार्केट यांविषयी मराठीत आधारासह लिहायचे कोणी, या प्रश्नाचे उत्तर भूगोलानेच देऊन ठेवले आहे. शिवाय भाषेचा तास म्हणूनही हे काम खणखणीत आहे, कारण गुजरातीतील ओळखीचा शब्द मराठीत तसाच चालतो की त्याचा अर्थ सरकतो, हे प्रत्येक वाक्याला तपासावे लागते. ‘राजीनामा’ दोन्हीकडे एकच; ‘शिक्षा’ मात्र तशी नाही, कारण गुजरातीत तिचा अर्थ शिक्षणही होतो, आणि सक्तीच्या शिक्षणावरील नोंदीत हा घोटाळा झाला तर काय होईल, ते सांगायला नको.

आता या साधनाची जी खरी अडचण आहे तिच्याकडे येतो. १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम अलॅन्सन बोर्डन या ग्रंथपालाला बोलावले आणि राज्यात ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले. गावाने वर्गणीचा आपला वाटा उभा केला की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत घाली आणि तेवढीच सरकार, अशी ती योजना होती. आणि जिथे ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवल्या जात. या फिरत्या ग्रंथालयांवर मुलांनी टिपण करायचे ठरले, तेव्हा एका मुलीने घरी आजीला विचारले. आजीच्या माहेरी, खेड्यात, ती पेटी त्यांच्याच ओसरीवर ठेवली जाई आणि संध्याकाळी मोठ्याने वाचन होई. मुलीने ते सुरेख वाक्यांत लिहिले, धूळपाटीवरून लेखात नेले, आणि दुसऱ्या दिवशी ते तिथे नव्हते. इतिहासाच्या पानावर काढणाऱ्याने दोन शब्द लिहिले होते: ‘संदर्भ नाही’.

“सर, आजी खोटं सांगते का?” तिने विचारले.

या प्रश्नाला मी दिलेले उत्तर मला आजही पुरेसे वाटत नाही. आजी खरे सांगते. पण ज्ञानकोशात काय खरे आहे याआधी काय तपासता येते हे पाहिले जाते, आणि आजीची आठवण वाचकाला तपासता येत नाही. ही आठवण आधी कुठेतरी छापून यावी लागेल, संपादकाच्या नजरेखालून जावी लागेल, मग कदाचित ती नोंदीत येईल. हे सारे बरोबर आहे, आणि तरीही यात एक अन्याय दडलेला आहे, तो मुलांपासून लपवू नये असे माझे ठाम मत आहे. छापील शब्द ज्यांच्या वाट्याला लवकर आला, त्यांचाच भूतकाळ या नियमाने सहज आत येतो. १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना जातीमुळे पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेले. हा प्रसंग आज निर्विवाद नोंदला जातो, कारण तो त्यांनी स्वतः लिहून ठेवला. त्याच वर्षी त्याच शहरात ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांच्यापैकी कोणावर काय गुदरले, ते कोणत्याही तळटीपेत येणार नाही. कोशात एखादी गोष्ट नाही म्हणजे ती घडलीच नाही असे नव्हे, हे मुलांना कळायचे असेल, तर कोशाच्या दाराबाहेर उभे राहण्याचा अनुभव त्यांना एकदा यावा लागतो. त्या मुलीला तो आला. पुढे तिने आजीची आठवण एका मंडळाच्या स्मरणिकेसाठी लिहून दिली, हे खरे. पण स्मरणिका हा विश्वासार्ह संदर्भ मानायचा का, यावर आमच्या वर्गात जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र अनुभवाचा आहे, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. २०११ साली विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातील काही महाविद्यालयांत असाच उपक्रम राबवला होता. विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे होते. पुस्तकांतील आणि संकेतस्थळांवरील मजकूर जसाच्या तसा उचलून तिथे चिकटवण्याचे प्रमाण इतके वाढले की प्रताधिकारभंगाचा ढीग उपसता उपसता जगभरचे स्वयंसेवक टेकीला आले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो उपक्रम थांबवावा लागला. पुण्याची मुले अप्रामाणिक होती असे म्हणून सुटका होत नाही. नववीतल्या माझ्या त्या मुलाने जे वहीत केले तेच त्यांनी जगासमोर केले, कारण आपल्याकडे ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ ही सूचना प्रश्नपत्रिकेत छापलेली असते आणि गुण पुस्तकातल्या शब्दांना मिळतात. बारा वर्षे उतरवण्याचे शिक्षण घेतलेल्या मुलाला एका सत्रात उतरवू नको असे सांगणे म्हणजे पोहणे न शिकवता नर्मदेत ढकलणे होय. त्यात मुले फार, शिकवणारे थोडे, आणि शिक्षकांपैकी अनेकांनी स्वतः कधी संपादन केलेले नव्हते.

यावरून मी काढलेला निष्कर्ष उपक्रम सोडून देण्याचा नाही, तो लहान करण्याचा आहे, आणि तो अगदी हास्यास्पद वाटावा इतका लहान. एका सत्रात एका मुलाने एक वाक्य लिहावे. लेख नको. ते वाक्य ज्या पुस्तकातून आले त्याचे नाव आणि पृष्ठक्रमांक द्यावा, ते पान शिक्षकाला प्रत्यक्ष उघडून दाखवावे, आणि मूळ वाक्य व आपले वाक्य यांत काय बदलले आणि का, ते तोंडी सांगावे. गुण या तोंडी उत्तराला असावेत. लेखाच्या लांबीला गुण ठेवले की पुण्याची पुनरावृत्ती ठरलेली, आणि वाक्य टिकले की उडाले यालाही गुण नकोत, कारण उडालेल्या वाक्यातून मूल अधिक शिकते. शिक्षकाने मात्र वर्गाआधी किमान काही महिने स्वतः संपादन केलेले असावे, आपले वाक्य उडाल्याचा चटका सोसलेला असावा. मुलांची खाती टोपणनावाने, पालकांना विचारून काढावीत. शाळेचे अथवा इयत्तेचे नाव कुठेही येऊ नये. एवढी पथ्ये पाळली तर स्वयंसेवकांवर फुकटचा भार पडतो ही तक्रारही बरीचशी निकालात निघते. तीस वाक्ये तपासायला शिक्षक पुरतो, तीस लेख तपासायला चावडी बसवावी लागते.

आता यंत्रे सगळे लिहून देतात, तेव्हा ही दगदग कशाला, असे अलीकडे पालकसभेत हमखास ऐकू येते. मोबाइलवर प्रश्न टाकला की शुद्ध मराठीत चार परिच्छेद येतात, हे खरे. त्या परिच्छेदांना ‘इतिहास’ नावाचे पान नसते, एवढेच मी म्हणतो. ते वाक्य कोणी, कधी, कशाच्या आधारे लिहिले आणि कोणी हरकत घेतली होती का, हे विचारण्याची जागाच तिथे नाही. लहान भाषांना यंत्राइतकाच धोका उत्साही अनभिज्ञांचाही असतो. स्कॉटलंडमधील स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावरील हजारो लेख ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन तरुणाने इंग्रजीवरून मोडतोड करून लिहिले होते, हे २०२० साली उघडकीस आले तोवर अनेक वर्षे गेली होती, कारण राखण करायला भाषा जाणणारे पुरेसे लोकच तिथे नव्हते. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया त्या अवस्थेत नाही, तरी यांत्रिक अनुवादाची कर्मणी वाक्ये त्यात वाचकाला ठेच देतातच. ती ठेच ज्याला लागते असा वाचक तयार करणे हे शाळेचे काम आहे, आणि दुसऱ्याचे बिघडलेले मराठी वाक्य सरळ करून देणे हा व्याकरणाचा जितका चांगला स्वाध्याय आहे, तितका मी पस्तीस वर्षांत कोणत्याही स्वाध्यायपुस्तिकेत पाहिलेला नाही.

यासाठी वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न उरतो, आणि तो शिक्षणशास्त्राचा नसून वेळापत्रकाचा आहे. संगणकाचा आठवड्यातला एक तास मिळवणे तुलनेने सोपे. मुख्याध्यापकांना ‘डिजिटल’ हा शब्द ऐकवला की तो मिळतो. अवघड आहे ते ग्रंथालयाचे. या वर्षी निवृत्तीनंतर शिकवणीवजा एक छोटा वर्ग मी आठवीच्या बारा मुलांसाठी घेणार आहे, आणि पहिले दोन तास पडद्यासमोर घ्यायचे नाहीत असे ठरवले आहे. ते कपाटांसमोर व्हायचे आहेत. व्यायाम ज्ञानकोशाचा एक खंड आणि गुजराती विश्वकोशाचा एक खंड टेबलावर शेजारी ठेवून मलखांबाविषयी दोन्हीकडे काय लिहिले आहे ते मुलांनी आधी हाताने टिपून घ्यावे, मग धूळपाटी. ग्रंथपालांची त्याला हरकत नाही. मराठी कपाटाची किल्ली ज्या शिपायाकडे असते त्याची सुट्टी नेमकी शनिवारी असते, तेवढी बदलून मिळते का, हे पाहायला मी उद्या जाणार आहे.